कोलोसियमचं कळसदर्शन: युरोप सहली काढणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

युरोपच्या सहली काढणाऱ्या महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सर्व पर्यटन कंपन्यांच्या चालकांना,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरची. 31 वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाले. गेल्या मे महिन्यात यजमानांबरोबर तुमच्यातल्याच एका कंपनीतून युरोप करून आले. 13 दिवस, 8 देश. कंपनीचं नाव इथे लिहिणार नाही. परत आल्यावर ओळखीत ज्यांनी ज्यांनी युरोप केलंय त्यांना विचारत सुटले, तर प्रत्येकाची कंपनी निराळी आणि रोमची गोष्ट मात्र तीच. मग एकीला नाव ठेवून बाकीच्यांना मोकळं का सोडायचं? म्हणून पत्र सगळ्यांना.

चांगलं ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसतीच कुरकुर करतेय. व्हिसाची सगळी कटकट तुम्ही अंगावर घेतलीत. इंग्रजी समजतं पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळते, अशा आमच्यासारख्यांना तुमच्यामुळेच युरोप बघायला मिळतो. व्हेनिसला पावसात भिजलेल्या आम्हा 43 जणांना रात्री गरम वरणभात मिळाला, त्याची चव अजून तोंडात आहे. यजमानांचा गुडघा धरला तेव्हा तुमच्या पोराने त्यांची बॅग तीन जिने वर नेली. हे काही मी विसरलेले नाही.

तक्रार रोमची आहे. त्यातही एकाच इमारतीची, कोलोसियमची.

तुमच्या पत्रकात अकराव्या दिवसाखाली असं लिहिलं होतं, की रोमला पोहोचल्यावर जगातल्या नव्या सात आश्चर्यांपैकी एक असलेलं भव्य कोलोसियम पाहा. शेजारी फोटो आतला: मधली लंबगोल पोकळी, जमिनीखालच्या भिंतींचा चक्रव्यूह, वर वर चढत गेलेले सज्जे. ते पान मी सहलीला निघेपर्यंत टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. कोच आम्हाला लांब सोडून निघून गेला, तिथून झेंड्यामागे चालत आम्ही पोहोचलो तेव्हा 11 वाजून 10 मिनिटं झाली होती. टूर मॅनेजरने सांगितलं, ‘‘25 मिनिटांचा फोटो स्टॉप. बरोबर 11.35 ला इथेच, झेंड्याखाली.’’ त्यातली आठ मिनिटं कंपनीचा बॅनर धरून ग्रुप फोटो काढण्यात गेली, कारण पहिल्यांदा बॅनर उलटा धरला होता. सहा-सात मिनिटं स्वच्छतागृह शोधण्यात गेली. आमच्या वयात तो प्रश्न ऐच्छिक नसतो. उरलेल्या दहा मिनिटांत मी मान वर करून उभी होते. मग मॅनेजरला विचारलं, ‘‘आत कधी जायचं?’’

‘‘काकू, आत नाहीये आपलं. हे बाहेरूनच असतं.’’

पंढरपूरला आषाढीत रांग पाहून जमणार नाही असं वाटलं, की वारकरी कळसाला हात जोडतो, नामदेव पायरीला माथा टेकतो आणि समाधानाने माघारी फिरतो. कळसदर्शनालाही पुण्य आहेच. पण ‘गाभाऱ्यात नेतो’ म्हणून त्याच्याकडून गावातच कुणी पैसे घेतलेले नसतात. उद्या कुणी पाचाडला बस उभी करून, रायगडाकडे पाठ करून सगळ्यांचा फोटो काढला आणि ‘रायगड पाहिला’ असं पत्रकात छापलं, तर तुम्हीच पहिले चिडाल.

‘एवढं काय त्या पडक्या इमारतीचं?’ असं आमच्याच ग्रुपमधल्या एकीने मला विचारलं होतं, म्हणून माझ्यापुरतं सांगते. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथल्या उत्खननात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती सापडली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. दरवर्षी नववीची मुलं घेऊन मी तिच्यासमोर उभी राहायचे आणि विचारायचे, समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून हा कसा आला असेल? मग फळ्यावर नकाशा. सोपारा, कल्याण, पैठण, तेर. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने ही सगळी नावं आपल्या टिपणात लिहून ठेवली आहेत. हिंदुस्थानच्या मालापायी साम्राज्याचे दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात, असं रोमच्या प्लिनी या लेखकाने कुरकुरत नोंदवलं आहे. हा प्लिनी इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला आणि पुढच्याच वर्षी, 80 मध्ये, सम्राट टायटसने कोलोसियमचं उद्घाटन केलं. आपली मिरी आणि मलमल ज्या रोममध्ये विकली जात होती, ते हेच रोम. एकतीस वर्षं मुलांना नकाशावर दाखवलेल्या जागी एकदा आपण उभं राहावं, एवढीच इच्छा होती. फंडातल्या पैशांतून दोघांचे साडेसात लाख भरले ते मुख्यतः त्यासाठी. स्वित्झर्लंडचा बर्फ यजमानांसाठी होता.

आणि कोलोसियमच्या बाबतीत ‘बाहेरूनच’ हा शब्द जास्त खुपतो, त्याला कारण आहे. इ. स. 64 च्या मोठ्या आगीनंतर सम्राट नीरोने शहराच्या मधोमध जमीन बळकावून स्वतःचा महाल बांधला आणि या जागी खासगी तळं केलं. नीरो गेल्यावर आलेल्या सम्राट व्हेस्पेशियनने ते तळं बुजवून तिथे लोकांसाठी खेळांचं प्रेक्षागृह, म्हणजे हे कोलोसियम, उभारायला घेतलं. राजाने अडवलेली जागा लोकांना परत, असा त्याचा डाव. पैसा जेरुसलेमच्या लुटीचा होता आणि आत माणसं-जनावरं मारली जात होती, तेव्हा त्याचं फार कौतुक करायचं कारण नाही. पण वानखेडेवर मावतात त्याहून कितीतरी जास्त, निदान 50,000 माणसं आत घ्यायची आणि खेळ संपल्यावर गर्दी न तुंबता बाहेर काढायची, म्हणून बांधणाऱ्यांनी त्याला 80 दारं ठेवली. त्यातल्या एकाही दारातून तुम्ही आम्हाला नेलं नाहीत.

आता तक्रारी.

पहिली शब्दाची. मराठीत ‘पाहा’ म्हटलं की आतून की बाहेरून हे कळत नाही आणि तुम्हाला ते नेमकं सोयीचं पडतं. परत आल्यावर मी पत्रक भिंग लावून वाचलं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, ‘ज्या स्थळांपुढे प्रवेश असे नमूद नाही ती बाहेरून दाखवली जातील’ असं एक वाक्य आहे. म्हणजे कायद्याने तुम्ही सुटलात. पण मग फोटो आतला का छापलात? बाहेरून दाखवणार असाल तर बाहेरचा छापा. तोही काही वाईट दिसत नाही.

दुसरी तिकिटाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. मी मॅनेजरला म्हटलं, माझं मी तिकीट काढते, मला दोन तास द्या. तो म्हणाला, ग्रुप सोडून जाता येणार नाही आणि आज तिकीट मिळणारही नाही. यातलं दुसरं खरं होतं. तिकिटं महिनाभर आधी ऑनलाइन सुटतात. 2023 पासून त्यावर माणसाचं नाव लागतं, दाराशी ओळखपत्र पाहतात, आणि आत जायची वेळ ठरलेली असते. आयत्या वेळी खिडकीशी जाऊन काही हाताला लागत नाही. मी चौकशी केली तेव्हा साधं तिकीट 18 युरोचं होतं, आणि त्यातच शेजारचं फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि पॅलाटाइन टेकडीही येत होती. हे सगळं तुम्हाला वर्षानुवर्षं माहीत आहे. आमच्या पासपोर्टच्या प्रती तुमच्याकडे चार महिने पडून होत्या. निघण्याआधीच्या बैठकीत तुम्ही इलेक्ट्रिक किटली आणू नका, लोणच्याची बरणी नीट बांधा, हॉटेलच्या बाथरूममध्ये जमिनीवर पाणी सांडू नका, इतकं सगळं सांगितलंत. त्यात एक वाक्य वाढवायला हवं होतं: ‘कोलोसियम बाहेरून आहे, आत जायचं असेल तर आत्ता सांगा.’ 43 पैकी दहा जण तरी निघाले असते. न निघते तर मी एकटीने काढलं असतं.

तिकिटांची टंचाई होती हे मला मान्य आहे. बाहेरच्या विक्रेत्यांनी तिकिटं घाऊक उचलून सामान्य माणसाला मिळेनाशी केली, म्हणून इटलीच्या स्पर्धा नियामकाने एप्रिल 2025 मध्ये तेव्हा तिकीटविक्री सांभाळणारी संस्था आणि काही पर्यटन कंपन्या यांना मिळून जवळपास 2 कोटी युरोंचा दंड ठोठावला. पण अवघड तिकिटं काढणं हाच तर तुमचा धंदा आहे. पॅरिसला आयफेल टॉवरची तिकिटं तुम्ही काढलीत, आम्ही वर गेलो. स्वित्झर्लंडला युंगफ्राऊच्या डोंगरगाडीची आरक्षणं काढलीत. तिथे जमतं आणि रोमला जमत नाही, ते का?

तिसरी तक्रार अशी, की तुम्ही आम्हाला बाहेरूनसुद्धा दाखवलं नाहीत. बाहेरून बघायला तिथे इतकं आहे, की 25 मिनिटांतली आठ बॅनरमध्ये घालवल्याचं मला आजही वाईट वाटतं. उत्तरेकडच्या शाबूत कमानींवर रोमन आकडे कोरलेले आहेत, 23 पासून 54 पर्यंत. ते दारांचे क्रमांक. ज्याला जो क्रमांक, त्याने त्या कमानीतून जायचं. 38 आणि 39 यांच्या मधल्या कमानीवर मात्र आकडाच नाही, कारण ती बड्यांची वाट होती. व्हीआयपी गेटला नंबर नसतो, ही पद्धत इतकी जुनी. पूर्वेच्या टोकाला विटांचा एक मोठा धिरा आहे. 1800 च्या सुमारास भूकंपाने तिथल्या कमानी निसटायला लागल्या होत्या. पोपने नेमलेल्या स्टर्न नावाच्या वास्तुविशारदाने 1806-07 मध्ये त्या सरळ न करता, निसटताना जशा होत्या तशाच विटांनी बुजवून टाकल्या. घसरलेले दगड अजून घसरलेल्याच जागी आहेत. पडता पडता थांबलेली इमारत! हे मला आल्यावर पुस्तकात वाचावं लागलं. आम्ही त्या बाजूला गेलोच नाही, कारण झेंडा पश्चिमेला होता.

दगडांवर सगळीकडे जी भोकं दिसतात, ती आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने बरोबर हेरली. नऊ-दहा वर्षांचा असेल. ‘‘ही भोकं कसली?’’ त्याला टूर मॅनेजरकडून उत्तर मिळालं, ‘‘युद्धातल्या गोळ्यांच्या खुणा.’’ खरं तर दगड एकमेकांना धरून ठेवायला आत लोखंडी आकडे होते. मध्ययुगात लोखंड मोलाचं झालं, तेव्हा लोकांनी दगड खोदून ते काढून नेले. दक्षिणेची बाहेरची भिंत 1349 च्या भूकंपात कोसळली आणि ते दगड रोमच्या पुढच्या इमारतींना लागले. पोराने इतका चांगला प्रश्न विचारला आणि गोळ्या घेऊन घरी गेला. पुढे असंही कानावर आलं, की आखाड्यात लढणारा प्रसिद्ध गुलाम स्पार्टाकस इथेच लढला. स्पार्टाकस मेला इसवी सनापूर्वी 71 मध्ये. कोलोसियमच्या बांधकामाला त्यानंतर सुमारे 140 वर्षांनी सुरुवात झाली. शिक्षकाची खोड, मी मध्ये बोलले. यजमानांनी कोपर मारलं.

पण यात त्या टूर मॅनेजरवर माझा राग नाही आणि कृपा करून तुम्हीही त्याला काही बोलू नका. 25-26 वर्षांचा पोरगा. आदल्या रात्री कुणाची तरी बॅग हरवली म्हणून एक वाजेपर्यंत फोनवर होता, सकाळी सहाला पुन्हा टाय लावून नाश्त्याला उभा. त्याने हॉटेल, कोच, जेवण, औषधं, रुसवेफुगवे सांभाळायचे आणि वर रोमचा इतिहासही सांगायचा? इटलीत स्मारकाची माहिती सांगायला परवानाधारक स्थानिक गाईड लागतो. तो तुम्ही रोममध्ये घेतला नव्हतात. पैसे वाचले ते तुमचे, आणि चुकीची उत्तरं दिल्याचा ठपका त्याच्यावर.

चौथी वेळेची. कोलोसियमला 25 मिनिटं आणि आदल्या दिवशी आउटलेट मॉलला साडेतीन तास. तिथून तुम्हाला काय मिळतं ते मला ठाऊक नाही आणि विचारतही नाही. पर्स मीही घेतली. फक्त हे आकडे पत्रकात छापा म्हणते. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहा, म्हणजे माणूस घरी बसून ठरवेल.

तुमच्या बाजूनेही दोन गोष्टी ऐकल्या. परत आल्यावर कंपनीच्या कार्यालयात गेले होते. तिथल्या बाईंनी चहा दिला आणि सांगितलं, ‘‘मॅडम, आपल्या पॅसेंजरला आत जायचंच नसतं. आणि सीनियर सिटिझनना पायऱ्या झेपत नाहीत.’’ पहिलं काही अंशी खरं आहे. आमच्यातले अर्धेअधिक 25 मिनिटांत खूश होते. फोटो झाला, स्टेटसला गेला, आता जेवायला कधी? त्यांना सक्तीने आत न्या असं मी म्हणतच नाही. पण पायऱ्यांचं कारण सांगू नका. याच ज्येष्ठांना तुम्ही 3,454 मीटरवर, युंगफ्राऊयोखच्या विरळ हवेत नेलंत. वर एका काकांना धाप लागली, त्यांना खुर्चीवर बसवून गरम चॉकलेट पाजलंत. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. तीही मला नंतरच कळली.

बसच्या परवान्यांचा खर्च, शहराच्या मध्यभागी कोचला बंदी, ग्रुपचं जेवण दीडला ठरलेलं, या अडचणी खोट्या नाहीत. त्या 13 दिवसांत 8 देश बसवल्यामुळे झाल्या आहेत. सात बसवले असते तर रोमला एक अख्खा दिवस निघाला असता. कोणता देश गाळायचा असं विचाराल, तर ज्या देशात आम्ही फक्त एका पेट्रोल पंपावर उतरून कॉफी घेतली आणि जो आठात मोजला गेला, तो.

माझ्या मागण्या फार नाहीत. पत्रकात, जाहिरातीत आणि वेबसाइटवर प्रत्येक स्मारकापुढे ‘आतून’ किंवा ‘बाहेरून’ हा शब्द त्याच आकाराच्या अक्षरात छापा, आणि किती वेळ तेही. बाहेरून असेल तर आतला फोटो लावू नका. तिकिटं खुली होण्याआधी प्रवाशांना विचारा. ज्यांना आत जायचं आहे त्यांच्याकडून जास्तीचे पैसे घ्या, त्यांच्या नावाने तिकीट काढा आणि त्यांना अडीच तास मोकळे द्या. बाकीच्यांनी तोवर आइस्क्रीम खावं, खरेदी करावी, फोरमच्या रस्त्यावर सावलीत बसावं. रोममध्ये स्थानिक गाईड घ्या, निदान तासाभरासाठी. आणि ज्यांना आत जायचं नाही त्यांनाही इमारतीला एक पूर्ण फेरी मारू द्या. परीघ अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. हळूहळू चालणाऱ्यालाही वीस मिनिटं पुरतात.

मी पैसे परत मागितलेले नाहीत, मागणारही नाही. पुढच्या उन्हाळ्याची पत्रकं तुम्ही दिवाळीच्या आगेमागे बाहेर काढता. मी ती मागवणार आहे, आणि अकराव्या दिवसाखाली काय लिहिलंय ते बघणार आहे. यजमान म्हणतात, आता पुरे, पुन्हा कोण जातंय. बघू.

तुम्ही पाठवलेला ग्रुप फोटो आमच्या बैठकीत लावला आहे. 43 माणसं, सुलटा बॅनर, मागे कमानी. परवा नातीने तो मोबाइलवर मोठा करून दाखवला. माझ्या डोक्यावरच्या कमानीत आकडा कोरलेला चक्क दिसतो. एक्स, मग एल, आणि त्यापुढे काय आहे ते कळत नाही, कारण तिथे तुमचा झेंडा आला आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
कोल्हापूर